शेवंती बसेल अशी जागा

वारे
२१ जानेवारी २०२५

ओमकार,

पत्राच्या वरच्या ओळीत थोरल्या बहिणीने आशीर्वाद लिहायचा असतो. लिहू की नको म्हणून पेन जरा अडलं, पण मोठी आहे म्हणून लिहितेच. आशीर्वाद. पुढचं वाचून राग आला तर तो यातून वजा करून घे.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर "हं" म्हणतोस. "हं"ला माणसाने काय उत्तर द्यावं? म्हणून पोस्टातून पाकिटं आणली. पन्हाळ्याला आनंदीबाईंच्या तबेल्याच्या पत्त्यावर टाकतेय. त्या पत्र तुझ्या हातात देतील आणि वाचून होईपर्यंत समोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहतील, एवढा मला त्यांचा भरवसा आहे.

तर बातमी. पुण्याहून नम्रता मॅडम म्हणून एक बाई आल्या होत्या. त्यांचा घोडेस्वारांचा क्लब आहे. पुढच्या हिवाळ्यात दहाएक घोडे घेऊन आरे-वाऱ्यापासून नाट्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि वाटेत तंबू ठोकून राहायचं, असा त्यांचा बेत आहे. माणसांना राहायच्या जागा मोबाइलवर ढिगाने दिसतात म्हणाल्या, पण घोड्यांसकट उतरता येईल अशी एक सापडत नाही. एका हॉटेलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, पार्किंग आहे. शेवटी कोणीतरी माझं नाव सांगितलं. पाणी, सावली, गवत आणि खाली मऊ जमीन, अशा जागा मी शोधून द्यायच्या. मी हो म्हटलं. शेवंतीला घेऊन जाणार आहे.

शेवंती बरी आहे. पुढच्या गुडघ्यांना जरा खरचटलंय, एवढंच.

"एवढंच" लिहिलं ते खोडत नाही, पण ते खरं नाही. गुडघे पुन्हा पुन्हा फुटायला लागले तेव्हा मला वाटलं कातळावर ठेचकाळत असेल. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी गुडघे बघितले आणि विचारलं, "ही बसते कधी?" मी मान ताठ करून सांगितलं, आमची घोडी बसत नाही. आबांनी आपल्याला तेच शिकवलं ना, घोडा खाली बसला की दुखणं आलं, लगेच उठवायचा. किनाऱ्यावर आलेल्या पाहुण्यांनाही मी हे कौतुकाने सांगते. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण खरी झोप त्याला आडवं होऊनच लागते, रोज थोडी तरी. ती मिळाली नाही की उभ्याउभ्या झोप घेरते, पुढचे पाय सुटतात आणि तो गुडघ्यांवर येतो. हिचे गुडघे दगडाने नाही, झोपेने फुटलेत. असंच चाललं तर कधीतरी कातळावर जोरात पडेल आणि पाय मोडेल. घोड्याचा पाय मोडला म्हणजे काय, ते तुला लिहून कळवायला नको.

"तिला भरवशाची जागा द्या," म्हणाले. "भरवसा वाटला की आपसूक बसेल."

घराभोवती सगळीकडे बांधून बघितली. गुरांच्या मांगरात पेंढा पसरला, माडांच्या मुळाशी वाळू टाकली. नाही बसली. मग वाटलं, मॅडमचं काम आणि शेवंतीचं काम एकच तर आहे. जिथे ही बसेल ती जागा पक्की.

दर्याचं मी विचारत नाही. आबा गेल्यावर काका आणि वाडीतले चौघे बसले, भांडी अर्धी केली, कलमं अर्धी केली, घोडा तुला दिला आणि घोडी मला. दोघांना सारखं झालं म्हणून सगळे समाधानाने चहा प्यायले. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद पडल्या तेव्हा आबांनी एकाच टेम्पोतून आणलेली जोडी ती, त्याआधीही एकाच ठाणावर बांधलेली. पण सारखं वाटायचं म्हटल्यावर दुसरं काय करणार? समुद्राचं नाव घेऊन तो डोंगरावर गेला आणि फुलाचं नाव घेऊन ही समुद्रावर राहिली. तू म्हणाला होतास, पन्हाळ्याला बारमाही गिऱ्हाईक आहे, ताय, तूपण वर चल. मी म्हणाले होते, घाटाच्या वाटेला हातखंब्याच्या पुढे पाऊल टाकणार नाही. ते अजून तसंच आहे.

मी मजेत आहे. जेवणखाण, झोप सगळं छान.

रेणुका

गावखडी
३० जानेवारी २०२५

ओमकार,

सुरूच्या बनात बसून लिहितेय. दुपार आहे. वर वारा चाललाय आणि खाली काही हलत नाही. कोणीतरी लांब बसून तांदूळ पाखडतंय असा आवाज येतो, तो थांबत नाही आणि वाढतही नाही. सुरूच्या काड्यांचा एवढा जाड थर आहे की टाच रुतते. अशा गादीवर राजासुद्धा झोपेल. शेवंती उभी आहे.

पावस गावाच्या अंगाला फार हाल झाले. सगळीकडे कलमं मोहरलेली आणि सगळीकडे फवारणी चाललेली. बागेत गवत गुडघाभर, सावली अशी की बघतच राहावं, पण एक घास खाल्ला तर घोडी गेली. मी तिचं तोंड फडक्याने बांधून बाहेर काढली. बागवाला वरून ओरडला, "घोड्याला मास्क लावलास काय गो?" मी म्हटलं, हो, ती शहरातून आलीय. मॅडमना सांगणार आहे, मोहर ते आंबा उतरेपर्यंत बागा वर्ज्य. सड्यावर गेले तर खाली कातळ, आणि चिरेखाणींचे खड्डे कुठे आहेत ते धुक्यात कळत नाही. जिथे माती चांगली तिथे विहिरीला पाणी नाही, आणि पाणी आहे तिथे कोणाची ना कोणाची पाटी लावलेली. घोडा घेऊन फिरल्याशिवाय आपल्या मुलखात मऊ जमीन किती थोडी आहे ते कळत नाही.

इथे मात्र सगळं आहे. बनाच्या मागे गोड्या पाण्याची विहीर आहे, समुद्राच्या एवढी जवळ असून पाणी गोड. शाळेतल्या बाईंनी पेंढा दिला. मी शेवंतीचा दोर सैल सोडला आणि जरा लांब जाऊन पाठ करून बसले, आपण बघत असलो तर लाजेल म्हणून.

बसल्या बसल्या माझाच डोळा लागला. स्वप्न पडलं. एक मोठा माळ होता, पावसाळा सरल्यावर असतो तसा, गवतात पिवळी फुलं. त्यात घोडेच घोडे, सगळे आडवे झालेले, नाट्याच्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या असतात तसे कुशीवर. आबा हातात घमेलं घेऊन त्यांच्यामधून चालले होते. मला वाटलं आता एकेकाला उठवणार. पण ते पाय न वाजवता चालत होते, ओमकार. कोणाला उठवलं नाही. माझ्याजवळ आले आणि तोंडावर बोट ठेवलं.

जागी झाले तेव्हा शेवंती माझ्या अंगावर सावली पाडून उभी होती. मी जिथे लवंडले होते तिथे दोर ओढत आली होती आणि समुद्राकडे तोंड करून कान टवकारले होते. तिचे डोळे मिटत होते आणि ती उघडत होती.

ही जागा मॅडमना देणार. शेवंतीने दिलेली नाही.

रेणुका

आडिवऱ्याच्या अलीकडे
५ फेब्रुवारी २०२५

ओमकार,

आज तुला हसवते. हसलास तर आनंदीबाईंना दिसेल असा हस.

इथे एका वाडीत येसूबाई नावाच्या म्हातारीकडे उतरलेय. मुलगा मुंबईला आणि सून मुंबईला, त्यामुळे घोडीचंसुद्धा पाहुणी म्हणून स्वागत झालं. वाडीच्या वरच्या अंगाला देवरहाटी आहे. तू अशी जागा पाहिली नसशील. एवढी जुनी झाडं की खाली दिवसाही हिरवा अंधार, मधून झरा, आणि पाचोळ्याखाली काळी भुसभुशीत माती. मी म्हटलं, घोडीला दोन दिवस इथे बांधू का? माणसं एकमेकांकडे बघायला लागली. देवरहाटीतली काडी मोडायची नाही, तिथे जनावर बांधायचं की नाही ते देवीला विचारावं लागेल.

गुरवांना बोलावलं. गुरव आंघोळ करून आले, देवीला फुलाच्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बाय माजे, रत्नांग्रीची लेक घोडी घेवन आलीय, घोडीला नीज नाय, तुज्या सावलीला थारा देतंस तर उजवा दे." सगळी वाडी हात जोडून उभी. एक पाकळी हलली, सुटता सुटता राहिली. गुरव म्हणाले, "आई विचार करतेय. घोड्याचं परकरन तिच्याकडं पयल्यांदाच आलंय." आणि मग टपकन उजवा कौल पडला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मला रडूच आलं.

शेवंतीला आत नेली. ती झऱ्याचं पाणी प्यायली, तिने माती हुंगली, पुढच्या खुराने उकरलीसुद्धा. बसण्याआधी घोडा असंच उकरतो. मी श्वास धरून उभी. ती एकदा गोल फिरली, मान खाली केली, आणि मग चारी बाजूंना बघितलं. कोणाला तरी शोधत असल्यासारखं बघितलं. आणि पुन्हा सरळ उभी राहिली. संध्याकाळपर्यंत वाडीतल्या पोरीबाळी येऊन विचारत होत्या, "बसली काय?" देवीने उजवा दिला, घोडीने काही दिला नाही.

आता हसणं संपव.

सकाळी येसूबाई चहा देताना म्हणाली, "घोडी उभी ती उभीच, नि तू पन रातभर कूस बदलतंस. कोन कोनाला राखतंय गो?" मी म्हटलं, परक्या घरात झोप लागत नाही मला. ती म्हणाली, "मंग आपल्या घरात लागते काय?" म्हाताऱ्या माणसांना फार चौकशा असतात.

तुझा फोन आला होता तो मी मुद्दामच उचलला नाही, असं समजू नकोस. रेंज नव्हती. पुन्हा कर.

रेणुका

नाटे
११ फेब्रुवारी २०२५

ओमकार,

तू फोन केलास आणि "हं"पेक्षा जास्त बोललास, त्याचा आनंद व्हायला हवा होता. दर्या कसा आहे म्हणून मी विचारलं, आणि तू म्हणालास, "मजेत हाय. बाकीच्या घोड्यांत दुपारचा आडवा होवन घोरतो." तू साधंच सांगितलंस. मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल लाइन कट झाली.

मला राग दर्याचा नाही आला. तो घोरतो हे ऐकून माझा जीव एवढा का तुटला, ते तेव्हा कळलं नाही.

काल शेवंती पडली. नाट्याच्या वरच्या सड्यावरून आम्ही उतरत होतो. सकाळचं ऊन, समोर खाडी, होड्या परतत होत्या. मी पुढे, ती मागे, दोर सैल. दोर एकाएकी जड झाला. मागे वळले तर ती गुडघ्यांवर आलेली, डोळे मिटलेले, आणि तोंड कातळावर आपटलेलं. एक क्षण ती तशीच राहिली. ओमकार, त्या क्षणात ती झोपली होती. रक्त वाहत होतं आणि तिच्या तोंडावर सुख होतं. मग दचकून उठली, थरथर कापायला लागली. पाय मोडलेला नाही. गुडघ्याचं हाड दिसत होतं.

राजापूरहून डॉक्टर आले, टाके घातले. म्हणाले, या वेळी वाचली. पुढच्या वेळेचं मी काही सांगत नाही.

किनाऱ्यावरच मैना म्हणून मासळीवाल्या बाईंनी जाळी सुकवायची जागा मोकळी करून दिली. वाळू कोरडी, वर माडाच्या झापांची सावली. मी दुपारी शेवंतीच्या पुढ्यात ओंडक्यावर बसले आणि ठरवलं, हिच्याकडून नजर काढायची नाही. बराच वेळ गेला. खाडीचं पाणी चढताना दिसत नाही, नुसतं चढलेलं दिसतं, तशी ती जवळ आली. वाळू उकरली. पुढचा एक पाय दुमडला, मग दुसरा. मी हललेसुद्धा नाही. पोट वाळूला टेकणार तेवढ्यात माझी मान पडली. पापणी लवायला लागते तेवढाच वेळ. डोळे उघडले तेव्हा ती उभी होती.

पुन्हा तसंच झालं. मी जागी असले की ती वाकते, माझी मान पडली की उठते. मग मला कळलं ती देवरहाटीत चारी बाजूंना काय शोधत होती. घोड्यांत एक जण उभा राहून राखण करतो, तेव्हा दुसरा बसतो. आपल्या मांगरात दर्या उभा असायचा. पहाटे उठून आपण बघायचो तेव्हा दोघं उभे असायचे, म्हणून आपल्याला वाटलं ही जात बसतच नाही. तू दर्याला घेऊन गेलास तेव्हापासून ती एकटीच पहाऱ्यावर आहे. माझ्याही.

मी जागी राहायचा फार प्रयत्न केला रे. पण मी घोडा नाही. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि दुपारी भलत्या वेळी मान पडते.

उद्या टेम्पोने घरी नेतेय. तुला काही मागत नाही. हे नुसतं कळवलं.

रेणुका

हातखंबा
६ मार्च २०२५

ओमकार,

तिठ्यावरच्या चहाच्या टपरीत बसलेय. शेवंती बाहेर वडाला बांधलीय आणि गोव्याच्या गाड्यांमधली माणसं तिचे फोटो काढताहेत.

आधी मॅडमचं सांगते. त्या येऊन गेल्या. मी गावखडीचं बन सांगितलं, नाट्याची वाळू सांगितली, देवरहाटीबाहेरचा झऱ्याकाठचा तुकडा सांगितला. त्या खूश झाल्या. मग म्हणाल्या, "पण तुमची घोडी तर यातल्या एकाही जागी बसली नाही म्हणता." मी म्हटलं, मॅडम, दहा घोडे असले की कुठलीही जागा चांगली. एकट्या घोड्याला चांगली जागा नसते. माझ्या तोंडून ते निघून गेलं. त्या निघाल्यावर मी ओटीवर बसून राहिले, समुद्र काळा होईपर्यंत. एवढे दिवस जागा शोधली. जागा कधीच कमी नव्हती.

गुडघे भरून आलेत. खपल्या धरल्यात. डॉक्टर म्हणाले, मातीच्या कडेने, गार वेळेला, हळू चालली तर चालेल. टेम्पो नकोच, नाट्याहून येताना ती वाटभर कापत होती.

घरून निघाले तेव्हा शेजारची कमळाकाकू अंगण सारवत होती. "शिमग्याच्या तोंडावर कुठं चाल्लीस गो? समदी मुंबय गावाला येतेय नि तू गाव सोडतंस?" मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, काकू, पावसाआधी घोडी घाटावर न्यायला नको? आबा न्यायचे तशी. ती आकाशाकडे बघत राहिली. होळी अजून पेटायची आहे आणि मी पावसाच्या भीतीने निघालेय. वाडीत आता शिमगाभर हाच विषय असेल.

खरं म्हणजे आबा न्यायचेच ना. मृगाच्या आधी दोन्ही घोडे घेऊन आंबा घाट चढायचा आणि दसऱ्याला उतरायचं, आपल्या पावसात त्यांचे खूर कुजतात म्हणून. तू दर्याच्या पाठीवर डुलक्या घेत असायचास. वाटणीनंतरच्या पावसाळ्यात मी शेवंतीला खालीच ठेवली, कारण घाटावर तू होतास.

आबा या तिठ्यावर थांबून म्हणायचे, डावीकडे मुंबई, ती माणसांसाठी, उजवीकडे कोल्हापूर, ते घोड्यांसाठी. तू गेलास त्या दिवशी मी इथपर्यंत आले होते तुला पोचवायला, आठवतं? याच टपरीत. दोघांनी चहा घेतला. शेवंती दर्याच्या मागे निघाली आणि मी दोर धरून ठेवला. दर्या वळणाआड गेला तरी ती त्याच दिशेला बघत होती. मी तिला म्हटलं, चल, आपल्याला काय कमी आहे.

आज दोर सैलच आहे. टपरीवाला मघाशी म्हणाला, "ताई, घोडीचं तोंड पालीकडं, घाटाच्या रस्त्याला हाय." मी म्हटलं, राहू दे तसंच.

साखरप्याच्या पुढे ओढ्याकाठी आबांचा मुक्काम असायचा ना, मोठ्या जांभळीखाली, तिथे मी थांबणार आहे. घाट एकट्या शेवंतीला घेऊन चढायचा मला धीर नाही. हे पत्र तुला मिळेपर्यंत मी तिथे पोचलेली असेन, म्हणून आनंदीबाईंना फोनही करते. तू येशील की नाही, माहीत नाही. आला नाहीस तर मी ओंडक्यावर बसून जागी राहीन, जमेल तेवढी. पण ये. दर्याला घेऊन ये. हे मागणंच आहे, नुसतं कळवणं नाही.

ताय

साखरप्याच्या पुढे, ओढ्याकाठी
१० मार्च २०२५, दुपार

ओम्या,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू माझ्यापासून हाताच्या अंतरावर आहेस. तोंडाने बोलायला गेले तर मी भलतंच काहीतरी बोलेन, म्हणून लिहून तुझ्या चपलेखाली ठेवणार आहे.

ओढ्याला पाणी थोडं आहे पण वाहतंय. जांभळीला पालवी फुटलीय. उन्हाचे कवडसे तुझ्या पाठीवरून हळूहळू दर्याच्या पायांकडे चाललेत. मागे रस्त्यावरून मुंबईच्या गाड्या गावाकडे जाताहेत, शिमग्याला, पण त्यांचा आवाज इथे येईपर्यंत विरून जातो. मला कितीदा वाटलं की हे गावखडीच्या स्वप्नाचंच पुढचं पान आहे. म्हणून मघाशी हात लांब करून तुझा सदरा चिमटीत धरून बघितला. घामाने ओला आहे. खरा आहे.

तू वळणावरून उतरताना दिसलास तेव्हा आधी मला दर्याच दिसला. पोट सुटलंय त्याचं. तू जवळ आलास, "कशी आहेस" नाही, काही नाही. "गुडघं बघू," म्हणालास आणि खाली वाकलास. बराच वेळ वर बघितलं नाहीस. मग खालूनच म्हणालास, "काय ताय, यंदा पावस लवकर आला काय?" आनंदीबाईंनी सांगितलं वाटतं. मी म्हटलं, हो, हवामानखात्याला विचार. तू हसलास. तुझा पुढचा दात कधी तुटला रे? मला कोणी सांगितलं नाही.

घोड्यांनी आपल्यापेक्षा बरं केलं. खिंकाळले नाहीत की काही नाही. नाकाला नाक लावलं आणि एकमेकांचा श्वास घेत उभे राहिले. मग दर्याने रस्त्याकडे तोंड केलं, आणि शेवंतीने माती उकरली. एकदा गोल फिरली. चारी बाजूंना बघितलंच नाही. पाय दुमडले आणि पोत्यातून धान्य ओतावं तशी खाली आली. एवढा मोठा उसासा टाकला की ओढ्यावरचा बगळा उडाला. मग कुशीवर कलंडली, मान जमिनीवर सोडून दिली.

मी उठले. सवय रे. आबांचा आवाज कानात होता, बसली की उठवा. तू माझं मनगट धरलंस. "नीजू दे तिला," म्हणालास. आणि मग तूही तिथेच, डोक्याखाली खोगीर घेऊन आडवा झालास. किती दिवस चालत आलास ते सांगितलं नाहीस. तुझे पाय बघून कळलं.

शेवंतीचे पाय झोपेत हलताहेत. कुठेतरी धावतेय. ओठ हलतोय. तुझाही हलतोय.

आता दर्याची मान खाली यायला लागलीय. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, बस तूपण, मी आहे. हे लिहीपर्यंत तो बसलाय. माझी मान अजिबात पडत नाही आज. नाट्याला पापणीभर जागं राहता आलं नाही, आणि आता तुम्ही तिघं झोपलात तर डोळे टक्क उघडे आहेत.

मी वर येते. हातखंब्याच्या पुढे आलेच आहे, तर घाटाचं काय एवढं. घर कुठे जात नाही, दसऱ्याला उतरू, चौघं मिळून. वर कोणी विचारलं तर सांग, ताय पावसासाठी आलीय. तुला मात्र खरं सांगते. पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, झोप छान लागते म्हणून? तू गेल्यापासून एक रात्र मला नीट झोप लागलेली नाही. घरात मी आणि घोडी, दोघी उभ्या.

तू उठलास की लगेच खोगीर घालायला जाऊ नकोस. मला हाकही मारू नकोस. नुसता इथे बसून राहा.

मग माझा नंबर.

ताय